‘प्रॉबेब्ली’ म्हणजे किती?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकल दुरुस्तीचं एक दुकान आहे. दुकानदार सातवीपर्यंत शिकलेला. त्याला विचारलं, ‘पंक्चर काढून कधी देणार?’ तर तो चाकावरची नजर न काढता म्हणतो, ‘प्रॉबेब्ली संध्याकाळी.’ माझी मुलगी दारातून बाहेर पडता पडता सांगते, ‘अब्बा, आज मी प्रॉबेब्ली जेवायला नाहीये.’ आणि कविसंमेलनांचे संयोजक तर या शब्दाचे फार जुने भक्त. ‘मानधनाचा चेक प्रॉबेब्ली सोमवारी निघेल.’ कुठला सोमवार ते त्या शब्दात नसतं, आणि विचारायचं धाडस कवीत नसतं.

इंग्रजीतलं हे एक साधं क्रियाविशेषण. एखादी गोष्ट घडेल की नाही, याबद्दलचा आपला अंदाज सांगणारं. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे. मी काही इंग्रजीचा जाणकार नव्हे. बी.ए. झालो तो मराठी घेऊन. घरात दखनी, गल्लीत आणि शाळेत मराठी, आणि इंग्रजी पाचवीपासून, तीही भीत भीत. पण आयुष्यात एकदा या शब्दानं मला असं पकडलं, की मग मला त्याच्या मागे लागणं भाग पडलं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीला, आम्ही तिला आपा म्हणतो, छातीत एक गाठ हाताला लागली. वय एकसष्ट. तिनं पंधरा दिवस कुणाला सांगितलंच नाही. मग भाचीला कळलं आणि ती तिला जिल्ह्याच्या गावी घेऊन गेली. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, आणि संध्याकाळी बंद पाकिटातून रिपोर्ट हातात आला. तो बघणाऱ्या डॉक्टरबाई नेमक्या परगावी गेलेल्या, दोन दिवसांनी येणार होत्या. पाकीट घेऊन मायलेकी माझ्या घरी आल्या. भाची म्हणाली, ‘मामू वाचतील. मामू शब्दांतला माणूस आहे.’

शब्दांतल्या माणसानं चष्मा लावला. वरच्या मजकुरातलं काहीच कळलं नाही. मात्र शेवटच्या ओळीत निष्कर्ष होता: तीन हा आकडा आणि त्यापुढे दोन शब्द, ‘प्रॉबेब्ली बिनाईन’. बिनाईन म्हणजे साधी, जिवाला धोका नसलेली, एवढं मला ठाऊक होतं. सगळं अडलं ते पहिल्या शब्दापाशी. खोलीत सात-आठ माणसं, सगळ्यांची नजर माझ्या तोंडाकडे. मी म्हणालो, ‘आपा, शायद साधी गाठ है.’

आपा काही क्षण गप्प राहिली. मग तिनं विचारलं, ‘शायद? कित्ता शायद?’

गेली तीस वर्षं मी कविता लिहितो. शब्दाच्या अर्थावर, त्याच्या सावलीवर, त्याच्या वासावर मी व्यासपीठांवरून पुष्कळ बोललो आहे. पण शब्दाचं माप काय, ‘शायद’ म्हणजे किती, असं कुणी मला विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी काहीतरी सारवासारव केली. ‘अगं, डॉक्टर लोक असंच लिहितात,’ म्हणालो. ती मान हलवून घरी गेली.

त्या दोन दिवसांत तिनं काय केलं, ते मला पुष्कळ उशिरा भाचीकडून कळलं. तिनं कपाटातून आपल्या चार बांगड्या, कानातले झुमके आणि आमच्या अम्मीची नथ काढली. प्रत्येक दागिना वेगळ्या रुमालात बांधला, आणि कागदाच्या चिठ्ठ्यांवर नावं लिहून त्या रुमालांना टाचणीनं लावल्या. कुणाला काय द्यायचं, ते. माझ्या मुलीचंही एका चिठ्ठीवर नाव होतं. माझ्या तोंडून निघालेल्या ‘शायद’चं माप तिनं स्वतःच ठरवलं होतं आणि त्याप्रमाणे ती कामाला लागली होती.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिला. आपाच्या चेहऱ्याकडे पाहून त्या आधी हसल्या. म्हणाल्या, ‘मावशी, घाबरून आलाय का? अशा रिपोर्टच्या शंभर बायका माझ्यासमोर रांगेनं बसवल्या, तर त्यांतल्या अठ्ठ्याण्णव जणींची गाठ साधीच निघते. उरल्या दोन. बऱ्याचदा तेवढ्याही निघत नाहीत. त्या दोघींसाठी म्हणून आपण सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढायचा.’

मी तिथंच त्यांना विचारलं, की हा आकडा तुमच्या अनुभवाचा की कुठे लिहिलेला? तेव्हा कळलं, की तो ठरवलेला आहे. स्तनांच्या तपासणीचे रिपोर्ट कसे लिहावेत, याची एक पद्धत अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी या संस्थेनं 1993 साली घालून दिली. तिला बाय-रॅड्स म्हणतात. पुढे ती जगभर पसरली, आपल्याकडेही आली. तिच्यात तीन नंबरच्या वर्गाचं नाव ‘प्रॉबेब्ली बिनाईन’, आणि त्याचा अर्थ, कर्करोग असण्याची शक्यता शंभरात दोन किंवा त्याहूनही कमी. चार नंबर म्हणजे संशयास्पद. तिथं सुई घालून तुकडा काढून तपासतात. पाच नंबर म्हणजे शक्यता शंभरात पंचाण्णव किंवा त्याहून जास्त. तीन नंबरला सुई घालायची, तर दोघींसाठी अठ्ठ्याण्णव जणींना टोचायचं. म्हणून थांबायचं आणि लक्ष ठेवायचं. सहा महिन्यांनी, मग वर्षानं, मग दोन वर्षांनी. तोवर काही बदल झाला नाही, की तो ‘प्रॉबेब्ली’ गळून पडतो.

थोडक्यात, त्या एका क्रियाविशेषणात दोन गोष्टी होत्या. एक दिलासा आणि एक तारीख. मी दिलासा अर्धामुर्धा पोचवला आणि तारीख तर पोचवलीच नाही. उलट बाजूनं चुकलो असतो, ‘काही नाही गं, साधी आहे’ असं म्हणून मोकळा झालो असतो, तर आपा सहा महिन्यांनी गेलीच नसती. ते जास्त वाईट.

त्यानंतर मी या शब्दाच्या मागे लागलो, ते माझी चूक नेमकी कुठे झाली हे शोधायला.

पहिली चूक घरचीच. ‘शायद’ हा शब्द चुकीच्या वजनाचा होता. दखनीत, उर्दूत शायद म्हणजे असेलही, नसेलही. मराठीतला ‘कदाचित’ तसाच. इंग्रजीत या जागी परहॅप्स किंवा मे बी येतात. प्रॉबेब्ली मात्र त्यांच्या वरच्या पायरीवर उभा असतो. त्यात असण्याकडे स्पष्ट झुकाव आहे. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारे शब्द ‘बहुधा’ आणि ‘बहुतेक’. आता हे मी कागदावर शांतपणे सांगतोय. पण बोलण्याच्या ओघात किती जण बहुधा आणि कदाचित यांत फरक करतात? बहुधा या शब्दाचा ‘धा’ सुद्धा आपण धड ठेवत नाही, निम्मे लोक ‘बहुदा’ लिहितात.

खरं सांगायचं तर मराठीला या कामासाठी क्रियाविशेषणाची फारशी गरजच पडत नाही. आपली शंका आपल्या क्रियापदातच मुरलेली असते. सकाळी उठून बाहेर आलात आणि म्हणालात, ‘रात्री पाऊस पडला असेल’, तर तो नुसता तर्क झाला. अंगण ओलं दिसलं आणि म्हणालात, ‘पाऊस पडला असावा’, तर तर्काच्या हातात पुरावा आला. ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलेलं पाहिलं आणि म्हणालात, ‘वरच्या अंगाला जोरदार पडला असणार’, तर आता तुम्ही जवळजवळ पैज लावायला तयार आहात. असेल, असावा, असणार. तीन पायऱ्या, आणि प्रॉबेब्ली नाही की बहुधा नाही. आमच्या सोलापूरच्या बाजूला पावसाबद्दल बोलताना या तिन्ही पायऱ्या लागतात. चौथी, म्हणजे ‘पडला’, ती क्वचितच वाट्याला येते.

इंग्रजीतही हे काम काही प्रमाणात मे, माइट, मस्ट अशी सहायक क्रियापदं करतात. पण तिथं क्रियाविशेषणावर भार मोठा. म्हणून तिथं ते कुठे ठेवायचं याचे संकेतही काटेकोर. कॉलेजात आमचे इंग्रजीचे सर एका वाक्यावर अख्खा तास घेत. ‘ही विल प्रॉबेब्ली कम.’ सहायक क्रियापदाच्या नंतर, मुख्य क्रियापदाच्या आधी. पण नकार आला आणि ‘वोन्ट’ झालं, की प्रॉबेब्ली उडी मारून त्याच्या आधी जातं: ‘ही प्रॉबेब्ली वोन्ट कम.’ आम्ही पोरं ‘ही वोन्ट प्रॉबेब्ली कम’ लिहायचो आणि लाल शाईचा धनी व्हायचो. तेव्हा ती सरांची खोड वाटायची. आता कळतं, की तो शब्द कशाच्या शेजारी उभा आहे यावर ऐकणाऱ्यानं कशाकडे झुकायचं ते ठरतं. तो येण्याकडे झुकतोय की न येण्याकडे.

आणखी एक शब्द सर हमखास सांगत, तो म्हणजे शुअरली. आपण ‘शुअरली येतो’ म्हणतो तेव्हा आपल्याला ‘नक्की येतो’ म्हणायचं असतं. इंग्रज माणूस ‘शुअरली यू विल कम’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात थोडी धाकधूक असते. ‘येशील ना रे बाबा?’ असा काहीसा सूर. खात्रीच असेल तर तो सर्टनली म्हणेल. दिसायला खात्रीचा शब्द, आत शंका. आपल्याकडे तसंच ‘डेफिनेटली’चं झालं आहे. कुणी डेफिनेटली येतो म्हणालं, की माझी बायको एक ताट कमी लावते.

होपफुलीची गोष्टही अशीच गमतीची. ‘होपफुली पाऊस पडेल’ ही वाक्यरचना चुकीची आहे, असं म्हणून अमेरिकेतले भाषाशुद्धीवाले अनेक वर्षं भांडत होते. होपफुली म्हणजे आशेनं. पाऊस काय आशेनं पडतो का, हा त्यांचा मुद्दा. शेवटी 2012 साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं आपल्या लेखनविषयक नियमपुस्तकात ही रचना चालेल असं मान्य करून टाकलं. मला त्या भांडणापेक्षा एक दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. होपफुली हा शक्यतेचा शब्द नाहीच, तो इच्छेचा शब्द आहे. आणि आजारी माणसाच्या घरात या दोहोंची हमखास गल्लत होते. जाता जाता सांगतो, आमच्या इन्शाअल्लाहचंही लोकांनी असंच करून ठेवलं आहे. उद्याचं काही बोलताना माणसानं आपली मर्यादा ओळखावी, म्हणून तो शब्द. शक्यता किती, हे तो सांगतच नाही. पण उधारी मागायला गेलेल्या माणसाला विचारा, त्याच्या कानात तो कसा पडतो!

शब्द कुठून आले हे पाहण्याची मला खोड आहे. ती इथंही सुटली नाही. प्रॉबेब्लीचं मूळ लॅटिन. तिथं त्याचा संबंध पारखण्याशी, पसंतीला उतरण्याशी. जुन्या युरोपात एखादं मत प्रॉबेबल आहे याचा अर्थ चार मान्यवरांनी उचलून धरलेलं, विश्वास ठेवण्याजोगं मत. त्यात मोजमाप नव्हतं, इभ्रत होती. पुढे 1654 मध्ये पास्काल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी एकमेकांना पत्रं लिहून, अर्धवट थांबलेल्या जुगारातला पैसा कसा वाटायचा हे सोडवलं, आणि शक्यतेचं गणित सुरू झालं. परहॅप्समधला ‘हॅप’ म्हणजे नशीब. हॅपी हा शब्दही त्याच घरातला, मूळचा अर्थ नशीबवान. आमचा शायद फारसीतून आला, आणि तिथं तो ‘शोभतं, उचित आहे’ असं म्हणणाऱ्या क्रियापदाचं रूप आहे. शाइस्ता त्याचाच नातेवाईक. कदाचित म्हणजे मुळात ‘केव्हातरी’, आणि बहुधा म्हणजे ‘पुष्कळ प्रकारांनी’. कुणी काळातून आला, कुणी संख्येतून, कुणी नशिबातून, तर कुणी अदबीतून. आणि सगळ्यांना आपण एकाच खुर्चीवर बसवतो.

आता एक अशी गोष्ट सांगतो, जी वाचून मला माझ्या चुकीबद्दल थोडं हायसं वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

1951 साल. युगोस्लाव्हियाच्या टिटोंचं आणि स्टालिनचं तीन वर्षांपूर्वीच फाटलेलं. सोव्हिएत गट युगोस्लाव्हियावर हल्ला करील का, याचा अंदाज अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेनं, सीआयएनं, आपल्या सरकारला लेखी दिला. त्या कामात शेर्मन केंट नावाचे गृहस्थ होते, मूळचे येल विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक. अहवालात लिहिलं होतं, की त्या वर्षी हल्ला होणं ही ‘सीरियस पॉसिबिलिटी’ समजावी. अहवाल गेला. काही दिवसांनी परराष्ट्र खात्यातल्या एका बड्या अधिकाऱ्यानं केंटना सहज विचारलं, ‘सीरियस पॉसिबिलिटी म्हणजे तुमच्या मनात किती होतं हो?’ केंट म्हणाले, ‘माझ्या मते हल्ला होण्याच्या बाजूनं पासष्ट, न होण्याच्या बाजूनं पस्तीस.’ तो अधिकारी दचकला. तो आणि त्याचे सहकारी फारच कमी शक्यता धरून चालले होते.

केंटना झोप लागली नसावी. त्यांनी अहवालावर एकमतानं सह्या करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना एकेकाला बाजूला घेऊन तोच प्रश्न विचारला. कुणाच्या मनात शंभरात वीस, कुणाच्या मनात ऐंशी! शब्दावर सगळ्यांचं एकमत होतं, अर्थावर कुणाचंच नव्हतं. हल्ला पुढे झाला नाही, ही गोष्ट वेगळी.

या साऱ्यावर केंटनी 1964 साली संस्थेच्या अंतर्गत नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यात त्यांनी एक तक्ता सुचवला. जवळजवळ निश्चित म्हणजे शंभरात त्र्याण्णवच्या आसपास. प्रॉबेबल म्हणजे पंचाहत्तर, बारा इकडे किंवा बारा तिकडे. निम्मेनिम असेल तर पन्नास. प्रॉबेब्ली नाही म्हणजे तीसच्या आसपास. आणि जवळजवळ नक्की नाही म्हणजे सात. त्यांचा हा तक्ता तेव्हा फारसा रुजला नाही. का रुजला नाही, तेही त्यांनी लिहून ठेवलं आहे. कार्यालयात दोन जातीची माणसं होती म्हणे. एकांना त्यांनी नाव दिलं गणिती, आणि दुसऱ्यांना नाव दिलं – कवी. भाषेत असं माप बसवता येत नाही, वाचणारा संदर्भावरून काय ते समजून घेतो, असं म्हणून कवींनी विरोध केला.

मी ते वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. अमेरिकेतल्या त्या कार्यालयात मी कधी गेलो नाही, पण बाजू कुठली घेतली असती ते मला पक्कं ठाऊक आहे. मीही म्हणालो असतो, की शब्दाला धूसर राहू द्या, त्याच्या धूसरपणातच त्याचा जीव असतो. कवितेपुरतं मी आजही तेच म्हणेन. माझ्या एका कवितेतल्या ‘बहुधा’वर कुणी टक्केवारी मागितली, तर मी उठून जाईन. पण त्या संध्याकाळी माझ्या हातात कविता नव्हती. समोर बसलेली बाई संदर्भावरून काय ते समजून घेईल असं मी धरून चाललो, आणि तिनं खरंच समजून घेतलं. रुमाल काढले, टाचण्या काढल्या.

केंटच्या तक्त्यात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. त्यांचा प्रॉबेबल पंचाहत्तरचा. आपाच्या रिपोर्टमधला अठ्ठ्याण्णवचा. म्हणजे मी त्या दिवशी शायदऐवजी अगदी बरोबर शब्द वापरून ‘बहुधा साधी आहे’ म्हणालो असतो, तरी चूक राहिलीच असती. बहुधा ऐकून माणूस मनात चारातला एक भाग भीतीसाठी बाजूला ठेवतो. इथं भीतीचा वाटा पन्नासातला एकच होता. बरं, हा घोटाळा फक्त आपल्या मराठी-दखनी माणसांचा नाही. जन्मानं इंग्रजी बोलणारी बाईसुद्धा ‘प्रॉबेब्ली’ वाचून तशीच दचकेल. कारण तो शब्द दिसतो तिच्या रोजच्या बोलण्यातला, पण रिपोर्टात आला की तो एका वर्गाचं नाव होतो. मला आता विचाराल तर त्या ओळीचं मराठी असं होईल: ‘साधीच असणार, पण सहा महिन्यांनी दाखवा.’ तिथं मराठीचं ‘असणार’ बरोबर बसतं. तेव्हा ते सुचलं नाही, कारण माझं सगळं लक्ष त्या इंग्रजी शब्दाला जोडीचा शब्द शोधण्यात होतं.

जिथं चूक महागात पडते, तिथल्या लोकांनी हळूहळू हे मापाचं काम करून ठेवलं आहे. हवामानबदलावर संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञ-मंडळाचे, आयपीसीसीचे, अहवाल येतात. त्यात ‘लाइकली’ म्हणजे शंभरात सहासष्ट किंवा त्याहून जास्त, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे नव्वद किंवा जास्त, ‘एक्स्ट्रीमली लाइकली’ म्हणजे पंचाण्णव किंवा जास्त, असं ठरवलेलं असतं. पृथ्वी तापतेय ती मुख्यतः माणसामुळे, या विधानापुढे 2001 साली लाइकली होतं, 2007 साली व्हेरी लाइकली झालं, 2013 साली एक्स्ट्रीमली लाइकली. 2021 च्या अहवालात, माणसानं पृथ्वी तापवली हे निर्विवाद आहे, असंच म्हटलं आणि शक्यतेची भाषा संपली. वीस वर्षांत एका वाक्याला जिना चढताना पाहायचं असेल तर ते हे.

कायद्यानं मात्र आकडा टाळला. इंग्रजांनी 1872 साली केलेल्या पुरावा कायद्यात, गोष्ट सिद्ध झाली असं केव्हा म्हणायचं? तर शहाण्या माणसानं ती खरी धरून वागावं इतकी ती संभवनीय असेल तेव्हा. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानं घेतली, पण ही व्याख्या तशीच पुढे चालत आली. मला ती आवडते. किती, हे न सांगता, पुढे काय करायचं ते ती सांगते.

आता पुन्हा आमच्या गल्लीत येतो. इंग्रजी शब्द मराठीत आला म्हणून माझी तक्रार नाही. टेबल आलं, स्टेशन आलं, त्याआधी फारसीतून जबाबदारी आली, शिफारस आली, कागद आला. आमच्या घरात तर तीन भाषा एका ताटात जेवतात. माझं म्हणणं एवढंच, की कागद आला तेव्हा कागद म्हणूनच आला. प्रॉबेब्ली मात्र येताना आपलं वजन तिकडेच ठेवून आला. इंग्रजीत तो साधारण बारा आण्यांचा शब्द आहे. आमच्या सायकलवाल्याच्या तोंडी तो चार आण्यांचा, आणि संयोजकांच्या तोंडी तर खोटा रुपया. ‘नाही’ म्हणायचा संकोच वाटतो तिथं आपण तो अंथरतो. ‘नाही जमायचं’ असं तोंडावर म्हणणं आपल्याला जड जातं. ‘प्रॉबेब्ली येईन’ म्हटलं की कुणाचा अपमान होत नाही, आणि जायलाही लागत नाही. त्यात थोडा चांगुलपणा आहे, हे मी नाकारत नाही. पण वापरून वापरून इतका हलका झालेला शब्द, एके दिवशी छापील कागदावर, आपल्या माणसाच्या नावाखाली दिसतो, आणि तेव्हा त्याचं खरं वजन कुणाला आठवत नाही.

आपाची दुसरी तपासणी सहा महिन्यांनी झाली. काही बदल नव्हता. वर्षानंही नव्हता. दोन वर्षं पुरी झाली तेव्हाच्या रिपोर्टात नुसतं बिनाईन होतं. भाचीनं पाकीट उघडलं तेव्हा आपानं ते आधी स्वतःच्या हातात घेतलं. तिला इंग्रजी वाचता येत नाही. पण त्या शब्दाचा आकार तिच्या डोळ्यांना पाठ झाला होता. कागदावर बोट फिरवत ती म्हणाली, ‘वो लंबा वाला लफ्ज किदर गया?’

रुमाल तिनं सोडले, पण चिठ्ठ्या फाडल्या नाहीत. ‘कधीतरी लागतीलच,’ म्हणते.

गेल्या ईदच्या आधी तिचा फोन आला. जेवायला येणार का? माझा त्याच दिवशी शेजारच्या तालुक्यात एक कार्यक्रम होता, वेळ ठरलेली नव्हती. मी सवयीनं म्हणून गेलो, ‘प्रॉबेब्ली येतो, आपा.’

‘कित्ता?’

मी मनाशी हिशोब केला. एसटीची वेळ, कवींची संख्या, अध्यक्षांचं भाषण. ‘साठ.’

‘साठ पे मैं मटन नहीं लाती,’ ती म्हणाली, ‘पंचाहत्तर होतंय का बघ, आणि संध्याकाळपर्यंत सांग.’